वादळी हवेत शूटिंगसाठी कोणता ड्रोन घ्यावा? (मुंबई किनारा, बजेट दीड लाख)

वेसावची_पोर

नमस्कार मंडळी. आमच्या वेसावे कोळीवाड्यावर आम्ही तिघं मिळून एक माहितीपट करतोय. आगोटीपासून नारळी पौर्णिमेपर्यंतचा किनारा हा विषय. होड्या वर ओढून शाकारणं, १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात चालणारी जाळ्यांची आणि इंजिनांची कामं, उधाणाचं पाणी वाडीच्या तोंडाशी येतं तेव्हाची धावपळ. जमिनीवरचं बरंचसं शूट झालंय. वरून घ्यायचे आहेत ते तीनच शॉट:

समुद्रावरून काळा ढग किनाऱ्याकडे सरकतोय आणि खाली ताडपत्र्या बांधलेल्या होड्यांची रांग. मोठ्या भरतीला खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा. आणि जमलं तर मे महिन्यातलं वळवाचं वादळ येतानाचं.

दुकानदार म्हणतो, २४९ ग्रॅमवाला घ्या, परवान्याची कटकट नाही, शिवाय "लेव्हल फाइव्ह"च्या वाऱ्यात उडतो. मित्र म्हणतो, घेतेस तर वॉटरप्रूफच घे. बजेट दीड लाख, अगदी ताणलं तर पावणेदोन. पावसाळ्यात किनाऱ्यावर ज्यांनी खरोखर उडवलाय त्यांनी कृपया सांगा.

पंखा_चार

ताई, रिमोट पायलटचं सर्टिफिकेट काढून मी हेच काम करतो. बांधकामाच्या साइट, कारखाने, अधूनमधून किनाऱ्यावरची कामं. आधी त्या "लेव्हल फाइव्ह"चं बघू.

लेव्हल फाइव्ह म्हणजे १०.७ मीटर प्रतिसेकंद, ताशी साधारण साडेअडतीस किलोमीटर. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो आणि एअर २एस यांना हाच आकडा दिलेला आहे. एअर ३ आणि मॅव्हिक ३ ला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३. कामाच्या मोठ्या यंत्रांत मॅट्रिस ३० ला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४, पण उड्डाण आणि उतरताना त्यालाही १२ चीच मर्यादा.

एवढ्या वाऱ्यात यंत्र तग धरतं, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. परत किती वेगाने येईल ते त्यात कुठेच नाही, आणि समुद्रावर सगळा खेळ परत येण्याचाच आहे. हिशोब करून बघा. ड्रोन किनाऱ्यापासून एक किलोमीटर आत आहे आणि परतताना समोरून १२ मीटरचा वारा. मिनी ४ प्रोचा नॉर्मल मोडमधला सर्वाधिक वेग १२ मीटर. म्हणजे पूर्ण जोर लावूनही तो जागच्या जागी. स्पोर्ट मोडला १६ मीटर, म्हणजे सेकंदाला चार मीटर पुढे सरकणार; एका किलोमीटरला चार मिनिटांच्या वर, तेही पंखे सतत पूर्ण ताकदीवर. बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. मॅव्हिक ३ स्पोर्टमध्ये २१ मीटर जातो. त्याच वाऱ्यात तो सेकंदाला नऊ मीटरने परत येतो, दोन मिनिटांच्या आत.

म्हणून वाऱ्यातल्या कामाला ड्रोन निवडताना मी आधी स्पोर्ट मोडचा वेग बघतो, मग वजन, मग कॅमेरा. वेगातून वारा वजा करून हातात किती उरतं ते बघायचं. निम्मा वेग उरत नसेल तर त्या दिवशी पाण्यावर न्यायचा नाही, हा मी पाळत असलेला नियम.

ढगवेडा

पंखा_चार यांच्या हिशोबात दोन गोष्टी घालतो. मी डोंबिवलीत राहतो, ड्रोन नाही उडवत, पण हवामानाचे नकाशे रोज बघतो.

पहिली गोष्ट उंची. हवामान खातं वाऱ्याचा जो वेग सांगतं तो जमिनीपासून १० मीटरवरचा. वर जावं तसा वारा वाढतो. ढोबळ सूत्राने मोकळ्या जमिनीवर १२० मीटरला तो सुमारे १.४ पट, समुद्रावर सुमारे १.३ पट. म्हणजे खाली ताशी ३० असेल तर वर चाळीसच्या आसपास, आणि झोत त्याहून जास्त. मिनीची मर्यादा तिथेच ओलांडली. मच्छीमारांसाठीचा इशारा तर तुमच्या घरात रोजचाच असेल: वारा ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत. तो इशारा असलेल्या दिवशी वर लिहिलेल्यांपैकी एकही यंत्र पाण्यावर नेण्याजोगं नाही. मोठा मॅट्रिससुद्धा नाही.

दुसरी गोष्ट दिशा, आणि तुमच्या तिसऱ्या शॉटसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. जून-जुलैत वारा नैऋत्य-पश्चिमेचा, समुद्रावरून जमिनीकडे. ड्रोन वाऱ्याविरुद्ध आत जातो आणि वाऱ्याबरोबर परत येतो. चुकलंच तर तो वाडीच्या दिशेने ढकलला जाईल, जे छपरांसाठी आणि माणसांसाठी वाईट, पण निदान यंत्र पाण्यात जात नाही.

मे महिन्यात नेमकं उलटं. वळवाचे ढग दुपारनंतर सह्याद्रीवर वाढतात आणि पश्चिमेकडे सरकतात. त्या ढगातून थंड हवा धाडकन खाली येते आणि पाऊस पोचायच्या कितीतरी आधी जमिनीलगत पुढे धावते. मुंबईत हा झोत पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे येतो. तोवर दुपारचा खारा वारा समुद्रावरून शांतपणे वाहत असतो, तुम्ही ड्रोन किलोमीटरभर आत नेऊन कॅमेरा किनाऱ्याकडे वळवलेला असतो, आणि काही मिनिटांत वारा पूर्ण फिरतो. आता परतीचा सगळा रस्ता समोरच्या वाऱ्यात. १३ मे २०२४ ला असंच झालं होतं. आधी धुळीचं वादळ, मग पाऊस. घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली ती त्याच दुपारी. अशा झोतापुढे २४९ ग्रॅम आणि ९०० ग्रॅम यांत काही फरक उरत नाही.

नाखवा_६२

ढगवेडा बरोबर बोलले. मी मढचा. आमच्याकडे वैशाखात ठाण्याच्या डोंगराकडे काळं झालं की होडी आत घ्यायची, मग समुद्र कितीही गुळगुळीत असो. वादळाआधी वारा पडतो. पाणी तेलासारखं होतं, झेंडा खांबाला चिकटतो. नवख्याला वाटतं आता छान आहे. त्यानंतर खाडीच्या अंगाने गार वारा अंगावर आला की दहा मिनिटंही मिळत नाहीत.

पोरी, तुझी ड्रोन उडवायची वेळ तो झेंडा बघून ठरव. झेंडा पडला तर खाली घे. आणि होडी ओढताना माणसांच्या डोक्यावर आणू नकोस. दोर तुटण्याची भीती असते, सगळ्यांचं लक्ष नाखव्याच्या आवाजाकडे असतं. वर घरघर झाली की पोरं वर बघतात.

वेसावची_पोर

नाखवा काका, नक्की. होड्या ओढतानाचं आम्ही जमिनीवरूनच केलंय, आवाज स्वच्छ हवा होता म्हणूनही.

ढगवेडा, पूर्वेच्या झोताचं एवढं नीट कधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी "वारा फिरला" एवढंच ऐकत आले. मग तिसरा शॉट ड्रोनने नकोच म्हणता?

ढगवेडा

पाण्यावरून नकोच. शिवाय विजा. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यावर पडण्याइतक्या अंतरात ढग आलाय असं समजायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप फोनवर ठेवा, आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. रिमोट हातात घेऊन मोकळ्या वाळूत उभं राहणारं माणूस हे ड्रोनपेक्षा जास्त धोक्यात असतं. यंत्र पुन्हा घेता येतं.

कॅमेऱ्यामागे

मी छायाचित्रणाच्या बाजूने लिहिते. वॉटरप्रूफचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही.

पाणी न शिरणारं यंत्र आणि पावसात चांगला शॉट देणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयपी५५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण आणि पाण्याचा फवारा सोसण्याची क्षमता. मॅट्रिस ३० ला ते आहे, पण ते यंत्र पावणेचार किलोच्या घरात आणि तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर. स्प्लॅशड्रोन ४ पाण्यावर उतरू शकतो, त्याचं वजनही दोन किलोच्या वर. मिनी, एअर, मॅव्हिक या मालिकांना कुठलंच आयपी मानांकन नाही, आणि पावसात उडवू नका असं त्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मानांकन असलेल्या यंत्राचंही रबर जुनं झालं, कुठे धडकलं की ते संरक्षण कमी होतं. खाऱ्या पाण्याचे तुषार तर वेगळंच प्रकरण.

पण माझा खरा मुद्दा काचेचा. पावसात ड्रोन पुढे जात असताना लेन्सवर एक थेंब बसला की शॉट संपला. जमिनीवर मी तो पुसते. वर कोण पुसणार? पावसातलं ड्रोन फुटेज म्हणून जे आपल्याला आवडतं ते बहुतेक वेळा दोन सरींच्या मधल्या उघडिपीत घेतलेलं असतं, जेव्हा पाऊस दूरवर पडद्यासारखा दिसतो आणि कॅमेरा कोरडा असतो. तुमचा पहिला शॉट नेमका तसाच आहे. त्याला वॉटरप्रूफ नको. त्याला मोठा सेन्सर हवा.

कारण काळ्या ढगाखाली भर दुपारीही उजेड कमी असतो आणि ढगाच्या करड्या रंगातल्या बारीक छटा छोट्या सेन्सरवर चिखल होतात. एक इंच हा मी किमान मानते: एअर २एस, जुना मॅव्हिक २ प्रो, नवा एअर ३एस. मॅव्हिक ३ चा चार-तृतीयांश इंची सेन्सर त्याहून चांगला. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचा प्रयत्न करा, नाहीतर लाटांचे तुषार काचेच्या तुकड्यांसारखे तुटक दिसतात.

आणखी दोन मुंबईच्या गोष्टी. एसी गाडीतून ड्रोन थेट बाहेर काढला की लेन्सवर आतून बाहेरून वाफ धरते. पुसून जात नाही. निदान अर्धा तास आधी बॅग उघडी ठेवून बाहेर आणा. दुसरं, जोराच्या वाऱ्यात ड्रोन इतका कलतो की जिंबलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची, हद्द संपते, क्षितिज तिरकं होतं आणि फ्रेमच्या वरच्या कडेला पंखे दिसायला लागतात. समुद्राच्या शॉटमध्ये तिरकं क्षितिज लगेच डोळ्यात खुपतं. तेव्हा यंत्र वाऱ्याकडे तोंड करून सावकाश मागे घ्या, वाऱ्याला जितकं तोंड तितकी चौकट स्थिर.

कायद्याचं_बोला

यंत्रावर एवढी चर्चा झाली, पण ताईंनी जागा वेसावे सांगितली आहे, तिथेच खरी गाठ आहे.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोला व्यावसायिक वापर नसेल तर लागत नाही. माहितीपटासाठी पैसे घेतले असतील किंवा तो विकायचा असेल तर मायक्रोसाठी सर्टिफिकेटवाला पायलट घ्या. थर्ड पार्टी विम्यातून नॅनो सुटतो, बाकी नाही.

दुकानदार "कटकट नाही" म्हणतो ते पायलटच्या कागदापुरतं. हवाई क्षेत्राचा नियम वजन बघत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांवर लागते. वेसावे सांताक्रूझ विमानतळ आणि जुहूची धावपट्टी, दोन्हींच्या आठच्या आत. त्याशिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे मनाई आदेश वारंवार निघतात. त्यात पोलिस उपायुक्त, अभियान यांच्या लेखी परवानगीचा अपवाद असतो. मढ किल्ला हवाई दलाच्या ताब्यात, मार्वेजवळ नौदलाचा हमला तळ, कुलाब्याला नौदलाचाच शिक्रा हवाई तळ. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर "जरासा उडवून घेऊ" असा कोपरा जवळजवळ नाहीच.

आणि खरेदीबद्दल: ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. त्यानंतर आलेली मॉडेल, म्हणजे मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो, एअर ३, एअर ३एस, कुणी "सीलबंद पेटी" म्हणून देत असेल तर ती इथे कशी आली ते विचारा. बिल मागा. गोलमाल उत्तर आलं तर उठून या.

पंखा_चार

+१. मी हे लिहिणारच होतो. म्हणजे व्यवहारात उरतात ती बंदीपूर्वी आलेली, नोंदणी क्रमांक असलेली सेकंडहँड यंत्रं. त्यात या कामासाठी क्रम लावायचा तर आधी मॅव्हिक ३, मग एअर २एस. एअर २एस ५९५ ग्रॅमचा, एक इंच सेन्सर, स्पोर्टमध्ये १९ मीटर वेग. मिनी २ वाऱ्यासाठी घेऊ नका, मंद वाऱ्यात गोड यंत्र आहे, पण इथे नको.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा किनाऱ्यावर वापरलेलं यंत्र ओळखायला शिका. बंद असताना प्रत्येक मोटर बोटाने हळू फिरवा. चांगली मोटर चुंबकाच्या पायऱ्यांवरून मऊ अडखळत जाते. आत मीठ गेलं असेल तर बोटाला वाळू लागल्यासारखी किरकिर जाणवते, चारांपैकी एखादीच तशी असते म्हणून चारही फिरवायच्या. बॅटरी काढून आतल्या सोनेरी पट्ट्यांवर टॉर्च मारा. हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर समुद्राची हवा आत बसलीये. स्क्रूंची डोकी बघा, गंज तिथे आधी येतो. जिंबलच्या मागचे छोटे रबर चिरलेत का बघा, वाऱ्यातली थरथर तिथूनच चौकटीत येते. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून डुलते का पाहा. फुगलेली असेल तर घेऊच नका. ॲपमध्ये चार्जिंगची आवर्तनं दिसतात. आणि नोंदणी तुमच्या नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

वेसावची_पोर

खूपच उपयोगी. मॅव्हिक ३ बजेटमध्ये बसेल असं दिसत नाही, तेव्हा एअर २एस किंवा सर्टिफिकेटवाला पायलट त्याच्या यंत्रासकट दिवसावर घेणं, दोन्ही बघते.

जागेचं मात्र अवघड झालं. आमच्यातला एकजण म्हणतो, अर्नाळ्याला किंवा वसईला जाऊ, विमानतळापासून लांब आहे, होड्या तशाच, ढग तोच.

कॅमेऱ्यामागे

तांत्रिकदृष्ट्या कुणाला कळणार नाही. तरी माझं मत नको. माहितीपट वेसाव्याचा आहे. होडीचे रंग, नाळेवरची (होडीच्या पुढच्या टोकावरची) खूण, मागच्या इमारती, हे सगळं तिथली माणसं ओळखतात. अर्नाळ्याच्या होड्या वेसाव्याच्या म्हणून दाखवल्या तर पहिला प्रश्न तुमच्याच वाडीतून येईल, आणि अर्नाळ्याच्या लोकांवरही तो अन्यायच.

नाखवा_६२

कॅमेऱ्यामागे ताईंशी सहमत. आपल्या होड्या आपल्याच दिसल्या पाहिजेत.

वेसावची_पोर

मलाही तेच वाटत होतं, फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं. अर्नाळा रद्द.

पंखा_चार

मग असं करा. तीन शॉट वेगळे काढा.

ढगाचा शॉट: वेसाव्यात किनाऱ्याला लागून उंच इमारती आहेत. सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवरून किंवा वरच्या मजल्याच्या खिडकीतून ट्रायपॉडवर लावा. वीसेक मजल्यांवरची नजर साठ मीटरची, ड्रोनही तुम्ही साधारण तिथेच नेला असता. खालच्या होड्यांची रांग आणि वरचा ढग एका चौकटीत बसतो, आणि ट्रायपॉडमुळे टाइमलॅप्सही मिळतो जो वाऱ्यातल्या ड्रोनने कधीच नीट मिळत नाही. वळवाचा शॉटही खिडकीतूनच, आतल्या बाजूने. विजा असताना गच्चीवर थांबायचं नाही.

लाटांचा शॉट: याला ड्रोनशिवाय पर्याय नाही, कारण पाण्यावरून वाडीकडे बघायचंय. यासाठी परवानगी मागा. अर्जात जागा, उंची, तारीख आणि वेळ नेमकी द्या. उंची कमी मागा, ३० मीटर पुरते. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते, त्यातल्या दिवसा येणाऱ्या तारखा घ्या आणि एकाऐवजी चार-पाच लिहा, म्हणजे त्यातल्या एका तरी दिवशी वारा बरा मिळेल.

उडवताना: वाळूतून उड्डाण नको, पाटावरून किंवा मॅटवरून. लाटांवर खालचे सेन्सर गोंधळतात, यंत्राला पाणी जमीन वाटतं, कधी ते स्वतःहून खाली सरकायला लागतं. लाटेच्या माथ्यापासून निदान दहा मीटर वर राहा. रिटर्न टू होमवर, म्हणजे यंत्र आपोआप परत आणणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, ते आधी उंची गाठतं आणि वर वारा जास्त. परतायचं तर हाताने, खाली येऊन, गरज पडली तर स्पोर्ट मोडमध्ये. स्पोर्टमध्ये अडथळे ओळखणं बंद असतं एवढं ध्यानात ठेवा. बॅटरी निम्म्यावर आली की वळायचं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं अंग पुसायचं, मग कोरड्याने, मोटर हाताने फिरवून पंख्याखाली रात्रभर.

एक माणूस फक्त आकाशाकडे बघायला ठेवा. बंदरावरच्या घारी ड्रोनवर झडप घालतात. घार खालून आली तर सरळ वर चढवा, ती उभी चढू शकत नाही.

ढगवेडा

वेळ ठरवायला हवामान खात्याच्या मुंबईच्या साइटवर कुलाबा आणि वेरावलीच्या रडारची चित्रं येतात. मागच्या तासाभराची एकापाठोपाठ बघा. सर समुद्रावरून किती वेगाने येते ते त्यात दिसतं, दोन सरींमधली फट डोळ्यांनी मोजता येते. फट वीस मिनिटांपेक्षा लहान असेल तर सोडून द्या. भरतीच्या तारखा नक्की झाल्या की इथेच टाका, आदल्या रात्री आणि त्या सकाळी मी वाऱ्याचं लिहीन.

वेसावची_पोर

टाकते. ड्रोन आता विकत घेत नाही. एका शॉटसाठी सर्टिफिकेटवाला पायलट आणि त्याचा मॅव्हिक ३ घेऊ, आणि उरलेल्या पैशांत ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यासाठी चांगली लांब लेन्स आणि रेनकव्हर. उद्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटते, परवानगीचा अर्जही लिहायला घेते. कायद्याचं_बोला, मसुदा इथे टाकला तर एकदा नजर घालाल का?

कायद्याचं_बोला

टाका. पायलटच्या सर्टिफिकेटची प्रत, यंत्राचा नोंदणी क्रमांक, विम्याची प्रत आणि जागेचा खुणा केलेला नकाशा सोबत जोडा. विमानतळाच्या बाजूची परवानगी वेगळी काढायची आहे, तो अर्ज आधी करा, त्यालाच वेळ लागतो.